लुंड की क्रेस्टलायनर? साडेसोळा फुटी बोट घेण्याआधी तुम्ही विचारता ते प्रश्न

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत मिनिॲपोलिसचा बोट शो भरतो आणि माझ्या फोनवर फोटो येऊन पडायला लागतात. बहुतेकदा त्याच दोन बोटी. एक लुंडची ‘रिबेल’, दुसरी क्रेस्टलायनरची ‘फिश हॉक’. दोन्ही मासेमारीच्या, ॲल्युमिनियमच्या, साडेसोळा फुटांच्या आसपास, किमतीही एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या. खाली एकच ओळ: “ताई, कुठली घेऊ?”

मी बोटी विकत नाही. मालवणच्या बाजूला वाढले, इथे बारा उन्हाळे आमची रिव्हेटवाली (म्हणजे पत्रे खिळ्यांनी जोडलेली) बोट गाडीमागे बांधून फिरतेय. ट्रेलर मागे मी घेते, नवरा दोर धरतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. नियम मिनेसोटाचे आहेत. विस्कॉन्सिन किंवा मिशिगनला राहत असाल तर बोटीबद्दलचं सगळं लागू, कायद्याचं तिथलं बघा.

१. ॲल्युमिनियमचीच का? फायबरची दिसायला किती छान असते!

असते. पण फायबरची बोट जड, म्हणजे ओढायला मोठी गाडी आणि ढकलायला मोठं इंजिन. ॲल्युमिनियमची बोट खडकाळ काठावर घासली तर ओरखडा येतो, धक्क्यावर आपटली तर पोचा येतो, आणि संध्याकाळी तुम्ही चहा पिता. फायबरला तीच ठोकर लागली की वरचा थर तडकतो आणि दुरुस्तीवाला शोधावा लागतो. ज्या घरात बोट चालवायला सगळेच नवखे आहेत, तिथे पहिल्या दोन वर्षांत ठोकरा लागणारच.

तोटा म्हणाल तर आवाज. लाटांवर ॲल्युमिनियम ठणठणतं. रिकाम्या डब्यात बसून चाललोय असं पहिल्यांदा वाटतं, नंतर कान सरावतात. वाऱ्यात हलकी बोट जरा जास्त भरकटते, तेवढं लक्षात ठेवायचं.

२. लुंड आणि क्रेस्टलायनर एकाच कंपनीच्या आहेत म्हणे. मग फरक काय राहिला?

मालक एकच, हे खरं. ब्रन्सविक कंपनीने २००४ मध्ये दोन्ही विकत घेतल्या. मर्क्युरी इंजिनंही त्यांचीच, म्हणून शोरूममध्ये दोन्हींच्या मागे काळं मर्क्युरी लटकलेलं दिसतं. मुळात मात्र दोन वेगळी घराणी. क्रेस्टलायनर १९४६ ची, लिटल फॉल्सची. हॉवर्ड लुंड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स गावी आपल्या गॅरेजमध्ये बदकांच्या शिकारीसाठी छोटी बोट बनवली, तिथून लुंड सुरू झाली. (नाव स्कँडिनेव्हियन आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाइप करताना उकार विसरू नका, आमच्याकडे एका काकांनी विसरला होता.) २०१० मध्ये लिटल फॉल्सचा कारखाना बंद झाला आणि क्रेस्टलायनरही न्यूयॉर्क मिल्सलाच बनायला लागली.

म्हणजे एका गावात, एका मालकाच्या दोन बोटी. खरा फरक जोडकामात: लुंड रिव्हेट मारून जोडतात, क्रेस्टलायनर वेल्ड करून. बाकी फरक मॉडेलनुसार आणि वर्षानुसार बदलतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. समोरच्या बोटीचा कागद वाचा.

३. रिव्हेट चांगले की वेल्ड? नवरा रोज रात्री याचेच व्हिडिओ बघतोय.

बघू द्या, करमणूक आहे. पण या एका प्रश्नावर जितका वेळ जातो तितकी त्याची लायकी नाही.

रिव्हेट म्हणजे दोन पत्रे एकावर एक ठेवून भोकांतून खिळा घालायचा आणि तो दोन्हीकडून चेपायचा. मधे सीलंट असतं. असा सांधा थोडा लवचीक राहतो आणि वर्षानुवर्षं लाटांचा मार खातो. विमानांचे पत्रे असेच जोडलेले असतात. पुढे कधीतरी काही रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी आत येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सैल रिव्हेट पुन्हा चेपता येतो. दोन माणसं लागतात, एक बाहेरून हातोडी मारणारा आणि एक आतून जड लोखंड धरून बसणारा. नाहीतर नवा रिव्हेट घालून वर सीलंट.

वेल्डमध्ये पत्रा एकसंध होतो. ठिबकण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो आणि बाहेरून बोट गुळगुळीत दिसते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा पत्रा थोडा मऊ पडतो. वर्षानुवर्षं आपटून तडा गेलाच तर त्या पट्ट्यात जातो, आणि ॲल्युमिनियमचं वेल्डिंग नीट जमणारा माणूस कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळत नाही.

आता तुमचा वापर बघा. मे ते सप्टेंबर, शनिवार-रविवार, त्यातले निम्मे पावसाने किंवा कुणाच्या तरी मुंजीने गेलेले. वर्षाला वीस-पंचवीस फेऱ्या. इतक्या वापराला दोन्ही पद्धतीच्या चांगल्या बोटी आरामात पुरतात. नव्या बोटीसाठी या मुद्द्याला मी शंभरातले दहा मार्क देईन. जुनी घेत असाल तर मात्र हिशेब बदलतो, त्यासाठी प्रश्न १२.

४. मग ठरवायचं कशावरून?

बसून. अख्ख्या घरानं, शोरूममध्ये, वीस मिनिटं. विक्रेता वैतागेल, वैतागू द्या.

आमच्या वेळी आम्ही सासूबाईंसकट गेलो होतो. दोन्ही बोटी ट्रेलरवर शेजारीशेजारी उभ्या. नवरा लाइव्हवेलचं, म्हणजे पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं, झाकण उघडून मासे कुठे राहणार ते बघत होता. सासूबाई पायरीवरून आत उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, “इथे धरायला काय आहे?” एका बोटीत काही नव्हतं. दुसरीत काचेच्या कडेला दांडी होती. कुठल्या मॉडेलची घ्यायची ते तिथेच ठरलं, नवऱ्याला ते घरी आल्यावर कळलं.

तर अशी बघा. उभं राहिल्यावर बोटीची कड पायाला कुठे लागते? गुडघ्याच्या वर असेल तर मुलं वाकली तरी जिवाला घोर नाही, खाली असेल तर दिवसभर “बस खाली” ओरडत राहाल. धक्क्यावरून आत येताना पाय पहिल्यांदा कशावर पडतो, आणि ती जागा ओली असेल तर घसरेल का? मागची शिडी आहे का, आणि ती उघडल्यावर पायरी पाण्यात किती खोल जाते? पोहून दमलेल्या माणसाला एका पायरीची शिडी म्हणजे थट्टाच. आणि सहा लाइफ जॅकेटं, एक कूलर, एक डब्यांची पिशवी कुठे ठेवणार ते खरंच ठेवून बघा, नुसतं झाकण उघडून “हो, जागा आहे” म्हणू नका.

मग काच. पूर्ण रुंदीची काच, मधे चालायला फट असलेली, आणि नुसती एका बाजूची कन्सोल (स्टिअरिंगची पेटी) असे दोन प्रकार दोन्ही कंपन्यांत मिळतात. हा फरक रिव्हेट-वेल्डपेक्षा कितीतरी मोठा. मे महिन्यात सकाळी सातला तळ्यावरचा वारा अंगात शिरतो. काचेमागे मुलं टिकतात, काच नसेल तर अर्ध्या तासात “घरी जाऊ या” सुरू. काच नसलेल्या बोटीत मोकळी जागा भरपूर आणि गळ टाकायला मजा, पण ती दोन मित्रांची बोट झाली. दहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर माझं मत पूर्ण काचेला.

जमीन: कार्पेट की व्हिनाइल? व्हिनाइल. कार्पेट पायाला मऊ लागतं हे मान्य. पण गळ त्यात अडकतो, गांडुळं त्यात मरतात, आणि एकदा चिवडा सांडला की पुढच्या दिवाळीपर्यंत निघत राहतो.

५. पाटीवर सहा माणसं लिहिलीय, आम्ही सहा आहोत. म्हणजे झालं ना?

नाही. २० फुटांखालच्या मोटरबोटीवर कप्तानाच्या जागेजवळ एक पाटी असते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमाने ती लावावीच लागते. तिच्यावर तीन गोष्टी असतात: किती माणसं किंवा त्यांचं किती पौंड वजन, माणसं-इंजिन-सामान मिळून किती पौंड, आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. माणसांचा आकडा सगळे वाचतात, पौंडांचा कुणी वाचत नाही.

समजा पाटीवर “६ माणसं किंवा ८०० पौंड” आहे. बाबा १७५, आई १४०, मुलं ८५ आणि ६०, आजोबा १६५, आजी १३५. बेरीज ७६०. बसलं. पण त्याच बोटीत सहा धडधाकट मित्र बसले तर हजारावर जाईल, म्हणजे पाटीवरचे “सहा” तिथे चालत नाहीत. दोन आकड्यांपैकी जो आधी संपेल तो खरा.

माझा स्वतःचा नियम: पाटीपेक्षा एक माणूस कमी. सहा बसतात, पण सहा जण गळ टाकू लागले की गळ मागच्याच्या टोपीत.

६. साडेसोळा की साडेसतरा?

एक फुटाने काय होणार असं वाटतं, पण लांबीबरोबर रुंदीही वाढते आणि बोट एकदम मोठी वाटायला लागते. कुठल्या तळ्यावर जाणार त्यावर ठरवा. घराजवळच्या छोट्या तळ्यांना साडेसोळा भरपूर. मिल लॅक्स तळ्यावर जायचं असेल तर विचार करा. ते तळं दोनशे चौरस मैलांहून मोठं, आणि खोली जेमतेम ४२ फूट. एवढ्या पसरट उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, आणि छोटी बोट प्रत्येक लाटेवर आपटते. मिनेटोंका तळ्यावर वेगळा त्रास: रविवारी दुपारी मोठ्या बोटींच्या लाटा चारी बाजूंनी.

घरी आल्यावर फीत घेऊन गॅरेज मोजा. बोटीच्या लांबीत ट्रेलरची पुढची दांडी आणि मागे तिरकं वर घेतलेलं इंजिन मिळवावं लागतं, म्हणजे साडेसोळा फुटीलाही वीस फूट सहज लागतात. दांडी दुमडणारा ट्रेलर मिळतो, तो जरूर मागा.

७. इंजिन ६० घेऊ की ९०?

पाटी जितकं झेलते त्याच्या निदान तीन चतुर्थांश. दोन माणसांना साठ पुरतं. सहा जण, कूलर आणि भरलेली टाकी असली की बोट पाण्यावर उचलली जात नाही, पुढचं टोक आभाळाकडे करून कुरकुरत राहते आणि चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. मुलांना हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून बोटीमागे ओढायचं असेल तर नव्वदच, अर्थात पाटी नव्वद म्हणत असेल तर.

दुसरी बाजू वजनाची. मर्क्युरीचं ६० चं इंजिन अडीचशे पौंडांच्या आसपास, ९० चं साडेतीनशेच्या वर, कारण ते ११५ च्याच २.१ लिटरच्या सांगाड्यावर बांधलेलं असतं. हे शंभर पौंड मागच्या फळीवर (इंजिन टांगतात ती) आणि गाडीच्या हिशेबात येतात (प्रश्न ८).

आणि एक बारकी गोष्ट: मिनेसोटात बारा वर्षांखालच्या मुलाला ७५ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवता येत नाही, शेजारी मोठं माणूस बसलं असलं तरी. “जरा स्टिअरिंग धरू दे ना” हा हट्ट तुमच्या घरी होणार असेल तर ६० किंवा ७५ चा विचार करा.

८. आमच्याकडे सीआर-व्ही आहे. ओढेल का?

नाही. अमेरिकेतल्या पेट्रोल सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड. आता बोटीचं बघा. नुसती बोट साधारण हजार पौंड, इंजिन अडीचशे, १८ गॅलन पेट्रोल म्हणजे शंभरावर (गॅलनला सहा पौंड धरा), बॅटऱ्या दीडशे, ट्रेलर सहाशे, नांगर-दोर-सामान दीडशे. झाले सव्वादोन हजार. माहितीपत्रकात फक्त पहिला आकडा असतो आणि लोक तोच धरतात.

सिएना आणि ओडिसीची मर्यादा ३,५०० पौंड, पेट्रोल हायलँडरची ५,०००. सिएनामागे ही बोट चालते, पण ट्रेलर जोडायची कडी (हिच) बसवून घ्यावी लागते आणि गाडीतली माणसं-बॅगाही हिशेबात येतात. नव्या बोटीबरोबर नवी गाडी घ्यावी लागत असेल तर तो खर्च बोटीचाच समजा. आमच्या ओळखीत दोघांनी आधी बोट घेतली आणि मग गाडीच्या माहितीपुस्तकाचं ते पान उघडलं.

९. मुलं लहान आहेत. बोट उलटली, भरली तर?

२० फुटांखालच्या आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन टांगलेल्या) बोटींत इतका फोम भरावा लागतो की पाण्याने पूर्ण भरली तरी ती आडवी न होता सपाट तरंगत राहते. दोन्ही बोटींना हे लागू. म्हणून पहिला धडा: काही झालं तरी बोट सोडून पोहत काठाकडे जायचं नाही, बोटीला धरून राहायचं.

मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घातलेलंच हवं. बाकी प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट बोटीत हवं, आणि १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत पाण्यात पडलेल्याकडे फेकायची एक तरंगती उशीही. कायदा मोठ्यांना घालायला सांगत नाही. मी घालते. मे महिन्यात पाणी इतकं थंड असतं की पट्टीचा पोहणाराही पडल्या पडल्या श्वास हरवतो.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवा. संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्यात १ एप्रिल २०२१ पासून वेगात चालवताना ती सक्तीची आहे. छोट्या तळ्यावर सक्ती नसेल, पण माणूस पाण्यात पडल्यावर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, आणि तिला कायदा माहीत नसतो.

१०. आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिने येतात. त्यांना जमेल का? आणि बाथरूम?

बाथरूम नाही. या मापाच्या बोटीत नसतंच. दीड-दोन तासांची फेरी आणि ज्या धक्क्यावर सोय आहे तिथून सुरुवात, हाच उपाय. उतरण्या-चढण्याचं प्रश्न ४ मध्ये आलं. बाबांना पुढच्या उंच खुर्चीवर बसवू नका. ती गळ टाकायला आहे आणि पाठ नीट टेकत नाही. चालकाशेजारची खुर्ची त्यांची.

नुसते बसणार असतील तर मासेमारीचं लायसन्स लागत नाही. हातात गळ घेतला की लागतं. पाहुण्यांसाठी २४ तासांचं, ७२ तासांचं, आठवड्याचं असं मिळतं. “त्यांनी फक्त धरला होता, टाकला मी” हे लायसन्स तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सांगून बघा, तो हसतो आणि पावती फाडतो.

११. घरात निम्मे शाकाहारी. बोट घेऊन करायचं काय?

पकडून सोडायचं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने चेपून ठेवला तर मासा पटकन सुटतो. ओल्या हातानं धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

उरलेल्या निम्म्यांसाठी: वॉलाय. पांढरा, बिनवासाचा, काटा जवळजवळ नाही. मालवणी मसाला लावून रव्यात घोळवला की माहेर आठवतं, फक्त समुद्राची चव नसते, ती कोकमाने भरून काढायची. सनफिश आणि क्रॅपी मुलांच्या गळाला लागतात, छोटे पण गोड. नॉर्दर्न पाइकला दुबेळके काटे असतात, ते काढता येत नसतील तर सोडून द्या. मुलांनी आणि गरोदर बायकांनी कुठल्या तळ्यातला कुठला मासा किती खावा याची यादी राज्याच्या आरोग्य खात्याने केलेली आहे, पाऱ्यामुळे. ती बघूनच घरी आणा.

बोटीच्या निवडीशी याचा संबंध एवढाच: सोडूनच देणार असाल तर मोठ्या लाइव्हवेलसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

१२. जुनी घेतली तर? रिव्हेटवाली गळते म्हणतात.

जुनी घ्यायला माझी हरकत नाही, आमचीही जुनीच होती. पण चार गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गळतीसाठी बोट पाण्यात टाकावी लागत नाही. ट्रेलरवरच बूच लावा, बागेच्या नळीने तळात थोडं पाणी सोडा आणि खाली वाकून बघा. जिथे थेंब धरतो तिथे पेन्सिलीने खूण. बोटीतल्या जमिनीपर्यंत भरू नका, वजनाने ट्रेलर वाकेल. आमच्या बोटीला अकरा खुणा झाल्या. विकणारा बाजूला उभा राहून सगळ्या मोजत होता, पुढे भाव करायची गरजच पडली नाही. वेल्डवालीला हाच प्रयोग, शिवाय मागच्या फळीच्या कोपऱ्यांत आणि मधल्या कण्याजवळ केसासारखी रेघ दिसते का ते टॉर्च लावून बघा.

मागची फळी: इंजिन वर घेऊन पंख्याजवळ धरून हळूच वरखाली हलवा. फळी लवत असेल किंवा बोल्टभोवती पाणी झिरपत असेल तर आतलं लाकूड कुजलंय. कुणी आधी फळी बदललेली असेल तर कुठलं प्लायवूड घातलं ते विचारा. अंगणातल्या डेकला वापरतात ते तांबं मुरवलेलं लाकूड ॲल्युमिनियमला खातं. पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसले तर निघून या.

फोम: बोट शक्य असेल तर वजनकाट्यावर न्या. कागदावरच्या वजनापेक्षा दोनशे-तीनशे पौंड जास्त भरली तर फोमने पाणी प्यायलंय आणि जमीन उखडल्याशिवाय ते निघणार नाही.

इंजिनच्या खालच्या भागातलं तेल: दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय.

आणि कागद. मिनेसोटात १६ फुटांपेक्षा लांब बोटीला टायटल (मालकीचा सरकारी कागद) असतं. टायटल विकणाऱ्याच्या नावावर नसेल तर “माझ्या मेव्हण्याचं आहे, नंतर देतो” याला हो म्हणू नका. ट्रेलरचा कागद वेगळा असतो, तोही मागा.

१३. चालवायला लायसन्स लागतं का?

१ जुलै २०२५ पासून परमिटचा नवा नियम टप्प्याटप्प्याने येतोय. पहिल्यांदा तो तरुणांना लागू झाला, आणि २०२८ पासून ३० जून १९८७ नंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागेल. अभ्यासक्रम ऑनलाइन होतो. वयाने सुटत असलात तरी करा. धक्क्यावर डावं-उजवं कुणाचं हे समोरची बोट अंगावर आल्यावर शिकायची गोष्ट नाही.

१४. बुचाची ती भानगड काय?

बोटीच्या तळाशी मागे एक भोक असतं, त्याला बूच. तळ्यातून बाहेर काढली की बूच काढायचं, सगळं पाणी सोडायचं, चिकटलेलं गवत काढायचं आणि बूच काढलेलंच ठेवून रस्त्याने जायचं. हा मिनेसोटाचा कायदा आहे, झीब्रा शिंपले (बाहेरून आलेले, भराभर पसरणारे छोटे शिंपले) एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. २०१० मध्ये ते मिनेटोंकात सापडले, आणि एकदा शिरले की निघत नाहीत.

त्यामुळे पुढच्या वेळी बोट पाण्यात टाकताना बूच लावायचं लक्षात ठेवावं लागतं. आमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मी गाडी पार्क करून परत येईपर्यंत नवऱ्याच्या घोट्यापर्यंत पाणी आलं होतं आणि तो तळाकडे बघत उभा होता. बोट उतरवायच्या रॅम्पवर मागे सात गाड्या. आता बूच गाडीच्या किल्लीलाच अडकवलेलं असतं.

१५. समुद्रात नेली तर? किंवा परत जाताना भारतात नेली तर?

एखाद्या दिवशी खाऱ्या पाण्यात नेली आणि घरी येऊन गोड्या पाण्याने बोट, ट्रेलर, इंजिन धुतलं तर काही होत नाही. कायम खाऱ्यात ठेवणं वेगळं. इंजिनला आणि बोटीला झिजायला एक धातूचा तुकडा लावलेला असतो, म्हणजे गंज त्याला खातो आणि बोट वाचते. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा, खाऱ्याला झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा. तळाला तांब्याचा रंग कधीही लावू नका, ॲल्युमिनियमला तो विषासारखा.

भारतात न्यायचं म्हणाल तर वाहतूक, जकात, तिथली नोंदणी, आणि बिघडल्यावर सुटे भाग. एवढ्या पैशात देवबागला मच्छीमाराला दर सुट्टीत भाड्याने घेऊन गरवायला जाता येईल, आणि मासा कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं.

१६. दोन कुटुंबांनी मिळून घ्यावी का?

मैत्री बोटीपेक्षा जुनी असेल तर. मेच्या मध्याला वॉलायचा मोसम उघडतो तो शनिवार आणि चार जुलै, हे दोन दिवस कुणाचे ते आधी कागदावर लिहा. पंखा खडकावर घासला तर कुणी भरायचं तेही. आणि ट्रेलर कुणाच्या गॅरेजात राहणार? ज्याच्याकडे राहते, बोट हळूहळू त्याचीच होते.

१७. हिवाळ्यात काय करायचं?

टाकीत पेट्रोल टिकवायचं औषध घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, खालचं तेल बदला, आणि इंजिन उभं ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळेल. पाणी राहिलं आणि गोठलं तर धातू फुटतो. बॅटऱ्या घरात. मोसमात शक्यतो इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरा, मिनेसोटात बऱ्याच पंपांवर वेगळ्या नळीने मिळतं. आणि उंदीर: खुर्च्यांतल्या फोमवर त्यांचा डोळा असतो.

१८. सगळं वाचलं, दोन्हींत बसून आलो, सगळ्यांना दोन्ही आवडल्या. आता?

आता बोट सोडा आणि डीलर बघा. पहिल्या मोसमात तीन-चारदा तरी त्याच्याकडे जावं लागतं: पहिली सर्व्हिस, न चालणारा पंप, सैल झालेली खुर्ची. मेमध्ये त्याच्याकडे किती आठवड्यांची रांग असते ते विचारा. आमच्या मैत्रिणीने दीडशे मैलांवरून आठशे डॉलर स्वस्त बोट आणली. जूनमध्ये साधी वायर तुटली, आणि जवळच्या डीलरने आधी स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या बोटी घेतल्या. तिची बोट ऑगस्टमध्ये पाण्यात गेली.

किंमत विचारताना “सगळं धरून” हे शब्द वापरा. वाहतूक, जुळणी, कागदपत्रं, ट्रेलरचं सुटं चाक, बोटीचं कापडी आवरण, हे पाटीवरच्या किमतीत बहुतेक नसतं. आवरण तर विचाराच. नसेल तर तेवढंच मागून घ्या, मार्चमध्ये ते देतात.